सुटलंय बघा, घागरी लावा

आज शनिवार, दिनांक एकतीस मे. सकाळी सामानाचा टेम्पो भरला. भरत असतानाच आमच्या गल्लीला पाणी सुटलं, ते भरून घेतलं. दुपारी टेम्पो परंड्याकडं गेला, त्यात सासूबाई पुढं गेल्या. मी रिकामं घर झाडलं, हातपाय धुतले आणि इथं आले. भाषणाची सुरुवात सुचत नव्हती, म्हणून वर्गात फळ्यावर लिहितो तसा वार आणि तारीख लिहून मोकळी झाले. आता रीतसर सुरुवात करते.

या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या गावच्या सरपंच आदरणीय धुरपदाबाई, वेळात वेळ काढून आलेले केंद्रप्रमुख आण्णासाहेब, आमचे मुख्याध्यापक रणधीर सर, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, माझे सहकारी शिक्षक, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, सभामंडपात जमलेल्या माता-भगिनी, ग्रामस्थ बंधू, आणि सुट्टी असूनही पहिली रांग धरून बसलेल्या माझ्या मुला-मुलींनो, सर्वांना माझा नमस्कार.

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, बचत गटानं ही साडी दिली. सर्वजण चांगलं बोललात. मी संकोचून गेले आहे. मी गणिताची शिक्षिका. वर्गात मला फार बोलावं लागत नाही, फळ्यावर मांडून दाखवलं की निम्मं काम होतं. इथं फळा नाही, म्हणून कागद धरलाय.

माझ्या आधी जे जे बोलले, ते एका नावाजवळ येऊन थांबले. रणधीर सर "बाईंच्या घरी जे घडलं" एवढं म्हणाले आणि त्यांनी पाणी मागितलं. सरपंचबाई "आपला तो" म्हणाल्या आणि पुढच्या मुद्द्यावर गेल्या. तुम्ही मला जपलंत, हे मला कळलं. पण जाताना मला त्या नावाविषयीच बोलायचं आहे. माझे यजमान. सुरज.

घरात मी त्यांना कधी नावानं हाक मारली नाही. आपल्याकडं तशी पद्धत नाही. लग्नात उखाणा घेतला, संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला घेतला, तेवढंच. बाकी सगळा संसार "अहो, ऐकलं का" वर चालला. आज माईकवर घेतेय. सासूबाई पुढं गेल्यात म्हणून धीर झाला, असं समजा.

आपल्या गावात पाणी कसं येतं, हे तुम्हाला मी काय सांगावं? आण्णासाहेबांसाठी सांगते. टाकी एक, गल्ल्या पुष्कळ. आज एका गल्लीला, उद्या दुसऱ्या. एकेका गल्लीची पाळी आठ-आठ दिवसांनी. पाळीच्या दिवशीसुद्धा वेळ ठरलेली नसते. वीज असेल तर टाकी भरणार, टाकी भरली तर बब्रुवान मामा व्हॉल्व्ह फिरवणार. मग घरातल्या एका माणसानं दिवसभर घरी थांबायचं. ते माणूस म्हणजे कोण, हे इथल्या बायकांना विचारा. आणि बाई मजुरीला गेली असेल तर तिची मुलगी थांबायची. सकाळी हजेरी घेतली की कुणाला न विचारता मला कळायचं, आज कुठल्या गल्लीची पाळी आहे.

आणि बब्रुवान मामांचा फोन! "मामा, कवा सुटणार?" "मामा, आमच्याकडं सुटलं का?" दिवसभर हेच. एकदा मामा टाकीवर चढले होते, फोन वाजला, घाईनं खिशातून काढायला गेले आणि तो टाकीत पडला. त्या आठवड्यात आपण सर्वजण तेच पाणी प्यायलो. मामा, हसू नका, तुम्हीच तेव्हा गावभर सांगितलं होतंत.

सुरज पुण्याची नोकरी सोडून करोनाच्या काळात गावी आले. स्टँडवर ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान टाकलं. त्यांना कोड लिहिता येत नव्हता. पण आता अशी संकेतस्थळं निघाली आहेत, की कोड न लिहिता नुसते तक्ते करायचे, नियम लावायचे, आणि पडद्यामागचं सगळं काम, ज्याला बॅकएंड म्हणतात, ते उभं राहतं. त्यांनी तिथं गल्ल्यांचा तक्ता केला. प्रत्येक गल्लीपुढं घरोघरचे मोबाईल नंबर. मामांच्या मोबाईलवर एक साधं पान करून दिलं, त्यावर गल्ल्यांच्या नावाची बटणं. व्हॉल्व्ह फिरवला की बटण दाबायचं. दाबलं की तक्त्यात नोंद पडते. नोंद पडली की ते संकेतस्थळ, कुणी विचारायची वाट न बघता, संदेश पाठवणाऱ्या सेवेच्या पत्त्यावर कळवतं. ती सेवा त्या गल्लीतल्या सगळ्यांना संदेश धाडते. हे जे न विचारता कळवणं आहे, त्याला वेबहूक म्हणतात.

सासूबाईंनी विचारलं होतं, "ह्यात नवीन काय हाय रं?"

ते म्हणाले, "आई, आता समदे मामाला इचारत बसत्यात, सुटलं का, सुटलं का. आता कुणी इचारायचं न्हाय. सुटलं की सांगावा आपसूक येतोय."

"म्हंजी पोरगी बाळंत झाली की दवाखान्यातनं सांगावा येतो, तसं?"

"व्हय, तसंच."

"मग त्याला एवढं अवघड नाव कशाला ठिवलंय?"



ते जुळवायला बरेच दिवस गेले. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की तेवढंच काम. कधी पत्ता डकवताना शेवटी एक मोकळी जागा राहून जायची, कधी दोन्हीकडची किल्ली जुळायची नाही. किल्ली म्हणजे अक्षरांची एक लांब ओळ, ती बरोबर असल्याशिवाय पलीकडची सेवा दार उघडत नाही. संदेश पोचला की पलीकडून दोनशे हा आकडा परत येतो. दोनशे म्हणजे मिळालं. तो पहिल्यांदा आला त्या दिवसापासून घरात तीच बोली सुरू झाली. मी चहाचा कप हातात दिला की म्हणायचे, "दोनशे." सासूबाईंनी भाकरी वाढली तरी "दोनशे". त्या म्हणायच्या, "मोजतोस काय रं?"

संदेशातले शब्द मी लिहून दिले होते. "ग्रामस्थांना कळविण्यात येते की", असे. त्यांनी वाचले आणि म्हणाले, "बाई, हे वाचून हुईपर्यंत नळ जाईल." आणि स्वतः लिहिलं, "सुटलंय बघा. घागरी लावा." खाली नाव घातलं, सुरज. मी विचारलं, नाव कशाला? तर म्हणाले, "नाव नसलं तर लोक म्हणतील कुठला तरी फसवा मेसेज हाय. वळखीचं नाव दिसलं की उठतील."

उठले की! गोरोबा अण्णांच्या मुलीचं लग्न कुणी विसरलंय का? पहिली पंगत बसलेली, तेरखेड्याहून आणलेले फटाके वाजतायत, आणि आपले मामा अण्णांच्या व्याह्यांना मोबाईल दाखवतायत, "हे बघा, हितं बोट लावलं की समद्या गावाला..." आणि लावलं. एका गल्लीला नाही, सगळ्या गल्ल्यांना. मांडवात एकदम सगळे फोन वाजले. बायका पानावरून उठल्या. नवरीची मावशी अक्षता हातात घेऊन पळाली. अण्णा मांडवाच्या तोंडाशी हात आडवे करून उभे, "अगं, जेवून तरी जावा!" दुसऱ्या दिवशी सुरजनी मामांच्या पानावर आणखी एक प्रश्न घातला. बटण दाबलं की तो विचारतो, "मामा, खरंच सुटलं का?" व्हय म्हटल्याशिवाय पुढं जात नाही. तो प्रश्न अजून तिथं आहे.

तुम्ही हसलात, बरं वाटलं. आता पुढचं थोडक्यात सांगते.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी त्यांना ताप आला. डेंग्यूचा. पाण्याची टिपाडं झाकून ठेवा, आठवड्यातून एकदा कोरडी करा, असं तेच दुकानात येणाऱ्याला सांगायचे. सोलापूरला नेलं. प्लेटलेट उतरत गेल्या. मी परत आले ती एकटी आले. तुम्ही सर्व वेशीपर्यंत आला होतात.

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं आमच्या अंगणात बसली होती. आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्यांच्या खिशातले, बटव्यातले फोन एका वेळी वाजले. बघायची गरज नव्हती, तरी प्रत्येकानं बघितलं. "सुटलंय बघा. घागरी लावा. सुरज."

कुणी हललं नाही. मोरीतला नळ रिकाम्या टिपाडात पडत होता, त्याचा आवाज येत होता. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "उठा गं. आठ दिस परत यायचं न्हाय. त्यो सांगतोय न्हवं?" मग बायका उठल्या.

संध्याकाळी बब्रुवान मामा आमच्या पायरीवर येऊन बसले. आत येईनात. म्हणाले, "बाई, सवयीनं दाबलं. खाली नाव जातंय, ते ध्यानातच न्हवतं." मी म्हटलं, मामा, असू द्या. पण मामांनी त्या दिवसापासून बटण दाबलं नाही. या वयात, दुखऱ्या गुडघ्यानं, गल्लोगल्ली शिट्टी वाजवत फिरायला लागले. जे घरी होते त्यांना ऐकू गेलं. जे उसाच्या तोडीला, सोयाबीनला गेले होते त्यांना कसं जाणार? मी रजेवरून शाळेत आले, हजेरी घेतली आणि मला कळलं, आज कुठल्या गल्लीची पाळी आहे. मुली पुन्हा घरी थांबायला लागल्या होत्या.

मी मामांना शाळेत बोलावून विचारलं. ते म्हणाले, "बोट उठत न्हाय, बाई. गेलेल्या माणसाच्या नावानं म्या सांगावा कसा धाडू? तेवढं नाव काढा. मग दाबतो."

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाव काढायचं न्हाय. दुकान बंद झालं. पाटी उतरवली. आता गावात कुठं हाय त्याचं नाव? तेवढ्या एका ठिकाणी हाय."

दोघांपैकी कोण चुकत होतं? मग मार्ग असा निघाला. मामा व्हॉल्व्ह फिरवून मला फोन करायचे, आणि बटण मी दाबायचे.

त्यासाठी मला ते सगळं शिकावं लागलं. त्यांचा लॅपटॉप उघडला. कुठला नियम कुठं लावलाय, ते एकेक बघितलं. किल्लीची मुदत संपली होती, मी घालून बघितलेल्या नोंदी लाल दिसत होत्या, म्हणजे संदेश जात नव्हता. नवी किल्ली काढली, दोन्हीकडं घातली, चाचणीचा संदेश सोडला. दोनशे आला. आमच्या घरी काही मिळालं की काय म्हणायचं असतं, ते मला माहीत होतं. मी म्हटलं नाही.

तेव्हापासून परवापर्यंत, दर पाळीला, ज्यांचं नाव मी तोंडानं घेतलं नव्हतं, ते माझ्या बोटानं गावभर जात होतं. मला ते जड गेलं नाही. उलट पाळीच्या दिवसाची मी वाट बघायचे. हे बरोबर की चूक, मला माहीत नाही. पण तसं होतं, म्हणून सांगते.

मग बदलीचा आदेश आला. सोनारीच्या बाजूला, परंडा तालुक्यात. सासूबाई म्हणाल्या, "मग काय झालं? तिथनं दाब. बटणाला काय एसटीनं यावं लागतंय?" खरं होतं ते. कुठूनही दाबता येतं. मीही तोच विचार केला होता.

पण त्याच आठवड्यात मला प्रशिक्षणाला धाराशिवला जावं लागलं. फोन बंद करून ठेवायला सांगितले होते. इकडं मामांनी वरच्या आळीचा व्हॉल्व्ह फिरवला, मला फोन लावला, पुन्हा लावला, मग शिट्टी घेऊन निघाले. वरच्या आळीत मथुराबाई एकट्या राहतात, त्यांना ऐकू कमी येतं. मोबाईल मात्र त्या पदरात बांधून ठेवतात, तो थरथरला की उठतात. त्या दिवशी तो थरथरलाच नाही. त्यांच्या दारातून पाणी येऊन गेलं. मी घरी परतले तर त्या आमच्या दारात घागरी घेऊन उभ्या, सासूबाईंना नावानं हाक मारत. "अयोध्या, दोन घागरी दे गं. मला कुणी सांगितलंच न्हाय."

सासूबाईंनी दोन्ही घागरी भरून दिल्या. एक स्वतः त्यांच्या घरापर्यंत नेऊन ठेवली. परत आल्या आणि चुलीपुढं बसल्या. मग म्हणाल्या, "मथुराबाईला घागर मागावी लागली. ह्येच्यासाठी केलं हुतं का त्यानं?" आणि थोड्या वेळानं, "काढ ते नाव. मामाला दाबू दे."

मी लगेच काढलं नाही. परवा काढलं. ग्रामपंचायतीच्या संगणकचालक निकिता इथं बसल्या आहेत. त्यांच्या कार्यालयाच्या नावावर खातं केलं, किल्ली बदलली, सगळे नियम त्यांना दाखवले. त्या हुशार आहेत, एकदा सांगितलं की पुरतं. नावाच्या जागी काय घालायचं, असं त्यांनी विचारलं. ग्रामपंचायत कार्यालय? मी म्हटलं, काही घालू नका, आता लोकांना ओळख पटली आहे. फक्त शब्द बदलू नका. त्यांनी बदलले नाहीत. त्यांचे मी मनापासून आभार मानते.

आज सकाळी आमच्या गल्लीत तुमच्या मोबाईलवर जो संदेश आला, तो मी पाठवला नव्हता. मामांनी पाठवला. टेम्पोत भांडी चढवत असताना माझा फोन वाजला. सासूबाईंना वाचता येत नाही, त्या म्हणाल्या, "वाच." मी वाचलं. सुटलंय बघा, घागरी लावा.

"फुडचं?"

"पुढं काही नाही, आत्या."

"बोलणं त्याचंच हाय का?"

"त्यांचंच आहे."

"मग चल," म्हणाल्या, "घागर घे."

आणि आम्ही दोघींनी टेम्पोतून बांधलेल्या घागरी सोडल्या, नळाला लावल्या, आणि टिपाड काठोकाठ भरलं. ड्रायव्हर बघत राहिला. भरून झाल्यावर आमच्या लक्षात आलं, की आपण तर निघालोय.

बब्रुवान मामा, तुम्ही आज बटण दाबलंत. तुम्हाला ते सोपं गेलं नसणार. मी तुमच्या पाया पडले तर तुम्ही पडू देणार नाही, म्हणून इथूनच हात जोडते. वरच्या आळीकडं लक्ष ठेवा, मथुराबाईंचा फोन चार्ज आहे का, तेवढं जाता-येता विचारत जा. निकिता, किल्लीची मुदत वर्षानं संपते, तारीख लावून ठेवा. मुलींनो, आता पाळीच्या दिवशी घरी थांबायचं कारण नाही. नव्या बाई येतील, त्यांना हजेरी घेताना काही कळू देऊ नका.

सरपंचबाई, रणधीर सर, आण्णासाहेब, तुम्ही मला एवढा वेळ दिलात. ज्यांनी हा कार्यक्रम उभा केला, ज्यांनी सतरंज्या टाकल्या, माईक लावला, चहा केला, त्या सर्वांची मी ऋणी आहे. इतकी वर्षं या गावात राहताना कुणाला वर्गात जास्त रागावले असेन, कुणाच्या घरी बोलावूनही गेले नसेन, त्या दिवसांत कुणी विचारपूस केली आणि मी उत्तर दिलं नसेल, तर ते मनात ठेवू नका. आज बोलण्याच्या ओघात काही जास्तउणं झालं असेल तर तेही पदरात घ्या.

मला आता परवानगी द्या. शेवटची परंडा गाडी सहाला आहे. त्याआधी मला घरी जायचंय. टिपाड भरलेलं आहे, आणि भरलेलं टिपाड मागं ठेवून जायचं नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. थोडं पाणी शेजारी देईन, बाकीचं दारातल्या कढीपत्त्याला घालीन. मग टिपाड आतून पुसायचं, आणि भिंतीला पालथं घालून ठेवायचं.